छतावरचे गुबगुबीत आकडे

९ ऑगस्ट

ढब्बू,

हे नाव वाचताच तू पत्र फाडायला घेतलं असणार. फाड, पण वाचून फाड. सहा वर्षांनी लिहितेय, मोठ्या बहिणीचा एवढा तरी मान ठेव.

मी अजून त्याच दोन खोल्यांत आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खाली दिवसभर कोणी ना कोणी घंटी वाजवून बघत असतं, त्यामुळे सारखे पाहुणे आल्यासारखं वाटतं. येत कोणी नाही. एका खोलीत अक्षरं काढते, दुसरीत झोपते आणि मधल्या दारात उभी राहून चहा पिते.

मुद्द्यावर येते. तुमच्या तलाव कार्यालयाने ढब्बू विकत घेतला. तू नव्हे, फॉन्ट. वस्तीतल्या पाट्या, पत्रकं, पाण्याच्या बिलांचे लिफाफे, सगळं आता त्याच अक्षरात येणार. दुसऱ्या कोणाकडून कळून तू पुन्हा भडकण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तू अजून धरून बसला असशील, मला ठाऊक आहे. पेपरात माझी मुलाखत आली, त्यात मी फॉन्टचं नाव माझ्या गुबगुबीत भावावरून ठेवलं असं सांगितलं, आणि बत्तीस वर्षांच्या रंगाऱ्याला वस्ती पुन्हा ढब्बू म्हणायला लागली. तू फोनवर म्हणालास, माझं लहानपण आइस्क्रीमच्या गाडीवर टांगलंस. मी हसले. तू फोन ठेवलास. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. तुला वाटलं असेल, ताईला दोन दिवसांत कळेल. हट्टाच्या बाबतीत दोघंही बाबांवर गेलोय.

पण एक सांगू? ते अक्षर काढताना मी खरोखर तुलाच काढत होते. तुझ्या मनगटाला घडी पडायची ना, दोरा बांधल्यासारखी, तशी घडी मी 'ब'च्या पोटाला दिली. वरची रेघ उशीसारखी जाड ठेवली. अनुस्वाराचा ठिपका असा, की हातात घेऊन दाबून बघावा. कुठेही टोक नाही. म्हणूनच ते खपलं. आधी आइस्क्रीमवाल्याने घेतलं, मग डायपरवाल्याने, मग लहान मुलांच्या दवाखान्याने, मग बँकेने. विम्याच्या कंपनीने मागितलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. ज्याला जितकं कमी सांगायचं असतं, तितकं त्याला गोल अक्षर हवं असतं.

तुमच्या कार्यालयात लोकसंपर्काचं काम बघणारी एक मुलगी आहे. तिला मी मनात गोडबाई म्हणते. ती रोज फोन करते. ढब्बू अजून गोल करून हवा म्हणाली. मी म्हटलं, याहून गोल केला तर अक्षरांचे चेंडू होतील. तर म्हणाली, चालेल की, लोकांना चेंडू आवडतात.

तलावाच्या भिंतीबद्दलची पहिली पाटी मीच मांडून दिली. 'भिंत भक्कम, आपण निवांत'. छान दिसते. पण मांडताना माझा हात थांबला. भिंत भक्कम असेल तर सांगायचं कशाला? आपल्या घराची भिंत भक्कम आहे असं बाबांनी कधी दारावर लिहून लावलं होतं?

असो. बाबांच्या कानात जोरात माझं नाव सांग. काय म्हणतात ते कळव. काहीच नाही म्हणाले तर तेही.

ताई


३० ऑगस्ट

ढब्बू,

तुझं कार्ड मिळालं. 'पाट्या पाहिल्या. बाबा बरे आहेत. आता पत्र नको.' तीन वाक्यं, आणि त्यातलं शेवटचं मी आजच मोडतेय. अक्षर मात्र तुझं तेच, कोंबडीने शाईत पाय बुडवून चालावं तसं. रंगाऱ्याचं अक्षर इतकं वाईट कसं असू शकतं, याचं कोडं मला जन्मभर सुटणार नाही. तरी ते कार्ड मी मधल्या दाराला लावलंय.

लिफाफा बघितलास का? स्टुडिओसाठी नवे छापून घेतले. तुझा पत्तासुद्धा ढब्बूतच छापला. आमचा टपालवाला म्हणतो, बाई, तुमची पत्रं वाटताना कोणाचा तरी वाढदिवस असल्यासारखं वाटतं.

एक काम आहे. बाबांना इकडे पाठव. इथे डोळ्यांचा एक फार चांगला डॉक्टर आहे आणि मोतीबिंदूला उशीर करू नये. तू सोबत आलास तर उत्तम. खोल्या दोनच आहेत, पण मी दारात झोपेन, मला सवय आहे. पाठव म्हणजे या महिन्यात पाठव. पुढच्या महिन्यात डॉक्टर परगावी जाणार आहे.

कार्यालयाचं काम वाढलंय. त्यांना आता आकड्यांचे साचे हवे आहेत, म्हणजे पत्र्यात कापलेले आकडे, वरून रंग फवारला की खाली आकडा उमटतो. गोल आकड्यांचे साचे करणं कटकटीचं असतं. शून्याच्या पोटातला पत्रा कापला की गळूनच पडतो, म्हणून त्याला बाहेरच्या पत्र्याशी जोडणाऱ्या दोन बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात. चाराच्या गोलाचं तसंच. मी विचारलं, किती उंचीचे? गोडबाई म्हणाली, माणसाएवढे.

अक्षराची उंची सांगितली की ते किती लांबून वाचायचं आहे हे आम्हाला कळतं. दुकानाची पाटी रस्त्यापलीकडून वाचायची असते, औषधाची चिठ्ठी हातात धरून. माणसाएवढा आकडा गल्लीतल्या माणसासाठी नसतो. तो फार लांबच्या माणसासाठी असतो. मी म्हटलं, लावणार कुठे? ती म्हणाली, घरांच्या छतांवर.

छतावरचं खालच्या माणसाला दिसत नाही, ढब्बू.

गेल्या आठवड्यात त्यांची बैठक झाली. मी गेले होते. तिथे काय बोलणं झालं ते लिहिता येत नाही, कागदावर सही दिलीय. बाबांच्या डोळ्यांचं मात्र मनावर घे.

ताई


१३ सप्टेंबर

ढब्बू,

उत्तर नाही. हरकत नाही, तुझं मौन मला परकं नाही. लहानपणी रुसलास की टेबलाखाली बसायचास आणि पोळी मात्र वरून हात घालून घ्यायचास.

आमच्या धंद्यात एक वेड असतं. आपला फॉन्ट कुठे कुठे लागला त्याचे फोटो जमवायचे. मी जमवते. कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवावर, बंद पडलेल्या खेळण्यांच्या कारखान्यावर, एकदा तर स्मशानाच्या वाहनतळावर सापडला, 'गाड्या इथे लावा', असा हसरा की गाडीसकट आत जावंसं वाटावं. तर गोडबाईने कौतुकाने तुमच्या वस्तीचे फोटो पाठवले. विमानासारखं यंत्र उडवून वरून काढलेले. उतारावर छतंच छतं, आणि प्रत्येकावर एक नारिंगी आकडा. माझे आकडे. वरून बघितलं तर एखाद्या मुलाने पाटीवर अंक गिरवल्यासारखं दिसतं.

एका छतावर एक माणूस वाकलेला होता. तोंडाला फडकं, हातात रंगाचं पिस्तूल, पायाशी साचा. मी फोटो मोठा करून बघितला. तू किती वाळलायस रे. मनगटाला घडी राहिलेली नाही.

मला कोणी सांगितलं नव्हतं की काम तुला दिलंय. तुला तरी कोणी सांगितलंय का की आकडे कशासाठी आहेत? मला गोडबाईने सांगितलं होतं की पुढे पार्सलं हवेतून येणार, तर घर ओळखता यावं म्हणून. तुलाही तेच सांगितलं असेल. आणि तू शिडीवरून खाली उतरून प्रत्येकाला तेच सांगितलं असशील. लोक तुझं ऐकतात. वस्तीत एकही घर नाही जिथे तुझा हात फिरलेला नाही.

फोटोंमध्ये तलावाची भिंतही होती. तिच्या पायथ्याशी हिरवा पट्टा दिसतो, उतरत उतरत तुमच्या मागच्या गल्लीपर्यंत आलेला. गवत आहे का ते? मी तिथे वाढले, मला तिथे कधी गवत आठवत नाही.

बाबांना पाठव. तू ये. डॉक्टरने तारीख पुढे ढकलली आहे, माझ्या विनंतीवरून.

ताई


२४ सप्टेंबर

ढब्बू,

डॉक्टर नाही. मी बनवला. बाबांचे डोळे माझ्याहून चांगले आहेत हे तुलाही ठाऊक आहे, म्हणूनच तू उत्तर दिलं नसशील.

सहीचं काय व्हायचं ते होवो. बैठकीत काय झालं ते लिहिते.

लांब टेबल होतं. बिस्किटं होती, त्यांच्या बशीखाली ढब्बूतली चकती होती. गोडबाईने पडद्यावर माझी अक्षरं दाखवली. वस्तीतल्या लोकांना त्यांनी आधी दोन पत्रकं वाचायला दिली होती, एक साध्या अक्षरातलं आणि एक ढब्बूतलं, मजकूर तोच. साधं वाचून लोकांनी प्रश्न विचारले. ढब्बूतलं वाचून विचारले नाहीत. हे तिने यश म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मीही डोलावली. मला छान वाटलं, ढब्बू. हे मी तुझ्यापासून लपवणार होते.

मग माझ्या शेजारी बसलेल्या इंजिनियरने तोंड उघडलं. वयस्क माणूस, बिस्किटाला हात न लावलेला. कोणी तरी विचारलं, आकडे एवढे मोठे कशाला, खालून कोणाला दिसणार? तो म्हणाला, "वरूनच वाचायचे आहेत. त्या वेळी खाली वाचायला कोणी उरलेलं नसेल."

गोडबाई हसली, त्याच्यापुढे बशी सरकवली आणि म्हणाली, साहेबांचा विनोद नेहमी असाच असतो. बाहेर पडताना मी त्याला जिन्यात गाठलं. तो पायऱ्यांकडे बघत बोलला. भिंत गेल्या वर्षापासून आतून पोखरतेय. तलाव रिकामा करायचा तर खालच्या शहराचं पाणी तोडावं लागतं, आणि ते कोणाला करायचं नाही. वस्ती हलवायची तर का हलवतो ते सांगावं लागतं. म्हणून मधला मार्ग निघाला. पाणी सुटलंच तर छतांवर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने उचलायची, आणि कोणत्या घरातली उचलली ते आकड्यावरून टिपायचं.

मी त्याला म्हटलं, तुम्ही सांगा ना लोकांना. तो म्हणाला, निवृत्तीला चार महिने आहेत. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही सांगा. अक्षर तुमचं आहे.

त्यानंतर मी काय केलं? साचे पूर्ण करून दिले. वाटलं, उचलायची वेळ आलीच तर आकडा नीट वाचता यायला हवा. असंही वाटलं की काम सोडलं तर पुढचं काही कळणार नाही. आणि सही होती. यातलं कोणतं कारण खरं ते मला रोज वेगळं वाटतं.

तुमच्या भागात अंक जाणाऱ्या वर्तमानपत्राला मी सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, विषय तपासून बघू. त्याच दिवशीच्या अंकात पानभर जाहिरात होती, 'भिंत भक्कम, आपण निवांत'.

तू बाबांना घेऊन नीघ. सामानाचा विचार करू नकोस. भांडण आपण इथे येऊन करू, मी वाटेल तेवढं ऐकून घेईन.

ताई


२ ऑक्टोबर

ढब्बू,

हे पत्र टपालात टाकणार नाही. बसमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर तुझ्यासारखं आलंय.

तू फोन घेत नाहीस. काल शेवटी शिलाईकाकूंचा नंबर मिळवला, तुझ्या शेजारच्या. आधी त्यांनी मला पंधरा वर्षांचा हिशेब विचारला, लग्न केलं का, का नाही केलं, केस पांढरे झाले का. मग मी विचारलं, काकू, त्याला माझी पत्रं मिळतात ना? त्या म्हणाल्या, पत्रं कुठली, त्याच्याकडे नुसते कार्यालयाचे लिफाफे येतात, गुबगुबीत अक्षरातले. सगळ्यांकडेच येतात. आम्ही उघडत नाही, आत रोज तेच असतं. तो तर फरशी खराब होऊ नये म्हणून त्यांच्यावर रंगाचे डबे ठेवतो.

खाली कोणी तरी घंटी वाजवून बघत होतं.

पहिलं पत्र साध्या लिफाफ्यात होतं, हाताने पत्ता घातलेलं. ते तू उघडलंस, त्याला उत्तरही दिलंस. पुढची मी नव्या लिफाफ्यांत घातली, कारण ते दिसायला सुंदर होते. जिथे रोज तेच अक्षर दारात येऊन पडतं तिथे मी माझा आवाज त्याच अक्षरात पाठवत राहिले, आणि रडत राहिले की भाऊ ऐकत नाही.

मग काकूंनाच सगळं सांगितलं. इंजिनियरचं वाक्यसुद्धा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मरणाची नोटीस अशी असते होय ग? त्या अक्षरांवर तर मी नातीला बाराखडी शिकवते." "तुझ्या भावाला विचारते," म्हणाल्या, "त्यानेच आकडे काढलेत, तो काय खोटं काढेल?"

डोंगर दिसायला लागला. भिंत अजून दिसत नाही.


४ ऑक्टोबर, सकाळ

ढब्बू,

तुला ठाऊक असलेलंच लिहितेय. हात मोकळे राहिले की ते बाबांच्या शालीची टोकं ओढायला लागतात आणि बाबा चिडतात. शाळेच्या व्हरांड्यात आहोत, तू सोडून गेलास तिथेच. कार्यालयाच्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. इथून सगळा उतार समोर दिसतो.

परवा संध्याकाळी मी दारात उभी राहिले तेव्हा तू हात पुसत बाहेर आलास. कानाच्या पाळीला नारिंगी रंग होता. मग म्हणालास, आलीस? आणि चपला काढायला जागा करून दिलीस. सहा वर्षांचं एवढंच झालं, आणि मला ते पुरलं. बाबांनी मला न ओळखता म्हटलं, ही मीटर वाचायला आलीय का? आयुष्यभर दारोदार पाण्याचे मीटर वाचत फिरले, दारात उभा असलेला प्रत्येक माणूस त्यांना आता आपल्याच खात्यातला वाटतो.

तू डबे बाजूला केलेस. एकेक लिफाफा उचललास. त्यांच्यावर डब्यांच्या बुडांचे गोल उमटले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तू तारखेप्रमाणे लावून सगळे वाचलेस, आणि मी समोर बसून तुझं तोंड वाचत होते. बैठकीचं पत्र तू दोनदा वाचलंस. मला वाटलं, आता भांडशील. भांडायला हवं होतंस.

तू एवढंच म्हणालास, "मी प्रत्येकाच्या छतावर चढलोय, ताई. प्रत्येकाने मला चहा दिला."

काल दिवसभर दारोदार फिरलास. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. कोणी दार लावून घेतलं नाही, तेच वाईट होतं. सगळे हसून आत बोलवत होते. अरे ढब्बू, तूच तर म्हणालास पार्सलं येणार. बहीण आली आणि डोकं फिरवून गेली का? एकाने तर आपला आकडा नीट उमटला नाही, पुन्हा मारून दे म्हणून धरून ठेवलं. मी गोडबाईला फोन केला. ती म्हणाली, सगळं नियंत्रणात आहे, ताई, भोंगा वाजवायचा निर्णय वर होतो. वर म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नसावं. तिचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. फोन ठेवण्याआधी तिने हळूच विचारलं, तुम्ही तिथे आहात का?

आज उजाडता उजाडता तू भिंतीच्या पायथ्याशी गेलास आणि बाटली भरून आणलीस. टेबलावर ठेवलीस. बाबांनी चष्मा लावला, बाटली उजेडासमोर धरली, हलवली, पुन्हा धरली. पाणी दूध घातलेल्या चहासारखं होतं. आपल्या दोघांनाही ऐकू येत नसल्यासारखं ते मोठ्याने म्हणाले, "पाझर स्वच्छ असला तर भिंतीला घाम आलाय. गढूळ असला तर भिंतच निघालीय."

मग तू बाबांना पाठीवर घेतलंस. ते तुझ्या कानात सारखे म्हणत होते, हळू, मी काही पोतं नाही. चढावर तू दोनदा थांबलास, दोन्ही वेळा मी हात पुढे केला आणि दोन्ही वेळा तू मान हलवलीस. इथे त्यांना टेकवून तू खाली बघितलंस. मी म्हटलं, आता तू जाऊ नकोस. तू म्हणालास, लोक माझ्या तोंडाचं ऐकत नाहीत. काळ्या रंगाचा डबा उचललास, फवारा नाही, रुंद कुंचला घेतलास आणि गेलास.

तेव्हापासून बघतेय.

पहिल्यांदा तू स्टँडजवळच्या मोठ्या पाटीवर चढलास. 'निवांत'वर काट मारलीस आणि त्याच्यावरून लिहिलंस, 'निघा'. मग कोपऱ्यावरच्या भिंतीवर. मग तिच्या पुढच्या. वरची रेघ कुठे अर्धी, कुठे नाहीच, 'घ' पडायला आल्यासारखा, रंग ओघळून खाली आलेला. इतकी वाईट अक्षरं मी जन्मात बघितली नाहीत. इथून, एवढ्या लांबून, प्रत्येक वाचता येतंय.

आणि दारं उघडायला लागली. आधी एक बाई बाहेर आली, भिंतीकडे बघत उभी राहिली, बोटाने रंग लावून बघितला आणि आत जाऊन मुलाला उचलून घेऊन आली. तिच्यामागून शेजारचे. कोणी पळत नाही. लोक सरळ रस्त्याला लागतात, हातात उशी, कुकर, पक्ष्याचा पिंजरा. शिलाईकाकू वर पोचल्या तेव्हा एका काखेत मशिनचं डोकं होतं आणि दुसऱ्या हाताला नात. धाप लागली होती. मी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "कार्यालयाचं असतं तर मी उठले नसते. पण एवढं घाणेरडं अक्षर माणूस जीव मुठीत धरूनच काढतो." मग मशिन खाली ठेवून त्यावर बसल्या आणि मी रडतेय म्हणून माझ्यावरच ओरडल्या.

व्हरांडा भरला. आता मैदानातही लोक आहेत. तू वरच्या दोन गल्ल्या संपवल्यास, मधली संपवलीस. आता मागच्या गल्लीत आहेस, हिरव्या पट्ट्याच्या बाजूला. मघापर्यंत तुझा पांढरा सदरा दिसत होता. घरं रिकामी झालीत तर तू अजून का लिहितोयस, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिकडे शेवटच्या घरात दोघं म्हातारी आहेत, त्यांना हाक ऐकू जात नाही, खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसते.

पक्षी अचानक गप्प झालेत. किंवा दुसरा काही आवाज सुरू झालाय आणि पक्षी ऐकू येत नाहीत. मैदानातले सगळे एकाच दिशेला वळलेत. भोंगा वाजलेला नाही.

बाबा विचारतायत, ढब्बू कुठे आहे. मी म्हटलं, लिहितोय. म्हणाले, त्याला सांग, थोडक्यात लिही म्हणावं.

त्या घरासमोरची भिंत मला इथून नीट दिसतेय. तिच्यावर 'नि' आलाय. बाकीची भिंत अजून पांढरी आहे. मी डोळे मिटत नाहीये, ढब्बू. पुढचं अक्षर काढ, नाहीतर नको काढूस, तसाच ये.